चौतिसाव्या दिवशीचा तडा

१

सोमवारी सकाळी साडेनऊला चुडामण शिपाई धापा टाकत माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "भाऊ, वर चाला. हिरा फुटी गया."

मी, हितेंद्र, कॉलेजचा कार्यालय अधीक्षक. फुटलेल्या काचा, गळके नळ, गहाळ फायली, सगळं शेवटी माझ्याच गळ्यात पडतं. त्यात आदल्या दिवशी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झालेली. खानदेशात दिवाळीच्या तोडीचा सण, आणि नेमका त्याच दिवशी आमच्या आवारातला ट्रान्सफॉर्मर जळाला. सकाळी दहा ते दुपारी चार ना पंखा, ना कूलर. क्वार्टरमध्ये आमरस-मांडे मी घामाच्या धारांत जेवलो होतो, आणि तो राग अजून डोक्यात होता. पण हिरा म्हटल्यावर उठावंच लागलं.

तिसऱ्या मजल्यावर, थेट गच्चीखाली, उच्चदाब प्रयोगशाळा आहे. खोलीला खिडकी नाही. आत प्रेमराज सर उभे होते. सगळ्या जिल्ह्यात ज्यांच्या नावाने आमचं कॉलेज ओळखलं जातं ते हेच. त्यांच्या हातात छापलेला एक कागद होता. टेबलावर मुठीत मावेल एवढं, आत हिरे बसवलेलं पोलादी उपकरण होतं. त्याला तिथे सगळे सेल म्हणतात.

"सूक्ष्मदर्शकातून बघा," सर म्हणाले.

मी बघितलं. हिऱ्याच्या टोकावरून आडवा तडा गेलेला होता.

"नवा यायला आठ महिने लागतील," सर म्हणाले. "मोहिनीनं केलंय. संगणकात शनिवारी संध्याकाळी सहा दहाची तिची फाइल आहे. आठवर ठेवायचा दाब तिनं चौदापर्यंत नेला आणि गुपचूप घरी निघून गेली."

तेवढ्यात मोहिनी दारात आली. असोद्याहून बसने येणारी, पीएचडीच्या शेवटच्या वर्षातली मुलगी. हातात पुरणपोळ्यांचा डबा होता, सगळ्यांसाठी आणलेला. तिने सूक्ष्मदर्शकात पाहिलं आणि तिथल्या तिथे खाली बसली.

"शनिवारी मी पाचलाच निघाले, सर," ती म्हणाली. "सहा दहाला मी इथे नव्हतेच."

"मग तुझ्या नावाने फाइल कोणी केली?" सरांनी विचारलं.



२

प्राचार्यांनी बुधवारी चार वाजता चौकशी ठेवली. बाहेरचा एक सदस्य लागतो म्हणून धुळ्याहून हेमलता मॅडमना बोलावलं. त्यांनी तीस वर्षं तिथल्या एका कॉलेजात उपकरणं दुरुस्त करण्याची कार्यशाळा चालवली होती. खरं सांगायचं तर ही चौकशी नावापुरतीच होती. मोहिनीचं संशोधन रद्द करण्याचा आदेश मंगळवारीच माझ्याकडून टाइप करून घेतला होता, फक्त सही बाकी होती. मीही मुकाट्याने टाइप केला. त्याची लाज आजही वाटते.

बुधवारी अकराला मॅडम एसटीने आल्या. डोक्याला ओला पंचा गुंडाळलेला, पायात सपाता, खांद्याला शबनम. मी त्यांना घ्यायला फाटकाशी गेलो, तर कडुनिंबाखाली मोटारसायकल लावून मोहिनीचे वडील बसलेले होते. जीवरामआबा, केळीवाले.

"सायब, आज पोरीले काढलं तं मी तिले घेऊनच जातो," ते मला म्हणाले. "सोयरे लग्नासाठी तीन वर्षापासून मांगे लागले. मी त्याह्यले सांगे का पोरगी शिकून राह्यली. आता काय सांगू? का तिनं मोडतोड केली आन् लपोलं?"

मॅडमनी ते ऐकलं. त्यांनी आबांना नमस्कार केला आणि मला म्हणाल्या, "हितेंद्रभाऊ, आपल्याकडे पाच तास आहेत. आधी सर."

प्रेमराज सर केबिनमध्ये बसले होते. तीन रात्री झोप नसावी असे डोळे झाले होते. मला वाटलं, हिऱ्याचं दुःख मोठं.

"आखाजीला तुम्ही कुठे होतात?" मॅडमनी विचारलं.

"धुळ्याला, सासुरवाडीला. पण रविवारचा प्रश्नच कुठे येतो? फाइल शनिवारची आहे."

"हिरा फुटला कसा असेल?"

"घाई, दुसरं काय! चारही स्क्रू उजवीकडे पिळत गेली असणार, एकेक वळसा. दाब किती सोसेल याचा अंदाज नको?" सर कडाडले, पण लगेच आवाज उतरला. "हुशार मुलगी आहे हो. मला वाईट वाटतं."

मॅडम वहीत काहीतरी लिहून उठल्या. दारात थांबून त्यांनी विचारलं, "सर, सेलला तुमचा शेवटचा हात कधी लागला?"

"बारा वर्षं झाली असतील. आता मुलंच करतात. मी निकाल बघतो."

३

मोहिनी वाचनालयात बसली होती. समोर पुस्तक उघडं होतं, पण पान उलटत नव्हतं.

"मला कळेल असं सांग," मॅडम म्हणाल्या, "आणि या हितेंद्रभाऊंनाही."

तिने सांगितलं ते असं. सेलमध्ये दोन हिरे टोकाला टोक लावून बसवतात. मध्ये पत्र्याची चकती, चकतीला बारीक भोक, भोकात स्फटिकाचा कण. स्क्रू आवळले की हिरे जवळ येतात आणि त्या कणावर हवेच्या दाबाच्या ऐंशी हजारपट दाब येतो. त्याला ते आठ गिगापास्कल म्हणतात. एवढ्या दाबाखाली स्फटिकात ताण किती साठतो आणि तो हळूहळू कसा वाकतो, दबतो, हे ती मोजत होती. चाळीस दिवस, रोज, दाब न हलवता. शनिवारी तेहेतिसावा दिवस होता.

"दाब कळतो कसा?" मी विचारलं.

"माणकाच्या कणांवरून. स्फटिकाशेजारी तीन कण ठेवलेत, एक डावीकडे, एक मध्ये, एक उजवीकडे. लेसर टाकला की ते लाल चमकतात. दाब वाढला की तो लाल रंग किंचित सरकतो. किती सरकला ते मोजायचं."

"कशाच्या तुलनेत सरकला?"

"बाहेर काचेवर एक मोकळा माणिक ठेवलाय, त्याच्यावर काहीच दाब नाही. आधी त्याचं वाचन घ्यायचं. ते घेतल्याशिवाय प्रोग्रॅम फाइल साठवतच नाही. सरांचाच नियम आहे, फार जुना."

"आणि स्क्रू?"

मोहिनीने दोन्ही हात हवेत धरून दाखवले. "दोन्ही हातांनी, दोन किल्ल्या, एकाच वेळी. उजव्या बाजूचे दोन स्क्रू सुलट्या आट्यांचे आहेत, डावीकडचे दोन उलट्या आट्यांचे. एक हात इकडे फिरवायचा, एक तिकडे. म्हणजे सेल गरगरत नाही आणि हिरे समोरासमोर राहतात. मागचे सेल साधे होते. हे सहा वर्षांपूर्वी आले."

"तुझ्या नावाने संगणक कोण उघडू शकतं?"

"कोणीही. तो उघडाच असतो." तिने समोरचं पुस्तक मिटलं. "मॅडम, तेहेतीस दिवस मी त्या कणाला धक्का लागू दिला नाही. खोलीचं दारसुद्धा हळू लावायचे. मी कशाला फोडीन?"

मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला. बाहेर आल्यावर मी विचारलं, "तुम्हाला ती खरी वाटते?"

"वाटून काय उपयोग? चार वाजता प्राचार्य पुरावा मागतील."

४

तेजस हा दुसरा संशोधक, फैजपूरचा. बोलायला चटपटीत. मॅडमनी त्यालाही आखाजीचंच विचारलं.

"मी आखाजीला घरीच होतो. दिवसभर पत्ते. विचारा कोणालाही."

"मोहिनीशी तुमचं पटतं?"

"न पटायला काय? राग मात्र होता." तो खाली बघत म्हणाला. "तिचे चाळीस दिवस होईपर्यंत लेसरला माझा हात लागणार नव्हता. माझा नवा सेल महिन्यापासून डब्यात पडून आहे, त्याचे हिरेसुद्धा. पण मी तिचा सेल फोडीन का? आणि एक सांगतो, माझं नाव घेऊ नका. सर तिला दाब बारावर न्यायला सांगत होते. मंगळवारी परदेशातल्या गटाबरोबर बैठक होती, तिथे मोठा आकडा दाखवायचा होता. ती नाही म्हणाली. स्फटिक खराब होईल म्हणाली. सर खूप चिडले होते."

"म्हणजे तिला दाब वाढवायचाच नव्हता," मी म्हटलं.

"किंवा मागाहून तिने ऐकलं आणि बिघडलं," तेजस म्हणाला. "सर असंच म्हणतात."

उरला चुडामण. तो जिन्याशी उभा होता, अंग चोरून. शिंदखेड्याकडचा माणूस, दोन वर्षांत निवृत्त होणार. किल्ल्यांचा जुडगा त्याच्याकडे असतो, म्हणून आधीच त्याचं धाबं दणाणलेलं.

"अक्का, मी हातबी लायेल नही," तो म्हणाला. "आखाजीना दिन सकाळे नऊले उनू. पाखरसले पाणी ठेवं, बठ्ठं कुलूपबंद व्हतं. मंग घर गऊ. दहाले लाइट गई, तठून मी घरच व्हतू."

"रात्री तिथला एसी कोण बंद करतं?"

"तो बंद करतसच नही, अक्का. मशीनसकरता रातदिन चालू शे. पंचवीसवर."

"किल्ल्या अजून कोणाकडे?"

"मोहिनीताई, तेजसभाऊ, आनि सर."

मॅडम जिन्याच्या पायरीवरच बसल्या. त्यांनी सरांचा तो छापील कागद मागून घेतला होता. चष्मा वर सरकवून त्या तो डोळ्यांजवळ नेऊन वाचू लागल्या. वर मोठ्या अक्षरांत तीन कणांचे दाब होते. डावा पाच, मधला नऊ, उजवा चौदा. सगळ्यांनी तेवढंच वाचलं होतं. मॅडमचं बोट मात्र तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांतल्या ओळीवर थांबलं.

"हितेंद्रभाऊ, शनिवारी पाच वाजताचं तिचं आधीचं वाचन काढून आणा. पळत जा."

मी पन्नाशीचा माणूस, तीन मजले खरोखर पळत गेलो. दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर मॅडम एवढंच म्हणाल्या, "ही फाइल शनिवारची नाहीच."

५

चार वाजता प्राचार्यांच्या खोलीत सगळे बसले. प्राचार्यांपुढे माझा टाइप केलेला आदेश होता आणि त्यांच्या पेनचं टोपण काढलेलं होतं.

"सही करायच्या आधी दहा मिनिटं द्या," मॅडम म्हणाल्या. त्यांनी दोन्ही कागद टेबलावर सरकवले. "तळाची ओळ बघा. मोकळ्या माणकाचं वाचन. शनिवारी पाच वाजता ६९४.२४. रोजचं वाचन तेवढंच आहे, तेहेतीस दिवस. आणि या सहा दहाच्या फाइलमध्ये ६९४.३७."

"एवढासा फरक," प्राचार्य म्हणाले.

"त्याच्यावर दाब नाही, मग तो सरकला कशाने? माणिक दाबाने सरकतो तसा उष्णतेनेही सरकतो. एवढा सरकायला खोली चव्वेचाळीस अंशांवर जावी लागते. एसी रात्रंदिवस पंचवीसवर असतो. पाच वाजता पंचवीस असलेली खोली सव्वासहापर्यंत चव्वेचाळीस होईल का?"

"एसी बिघडला असेल," तेजस पुटपुटला.

"बिघडला नाही, बंद पडला. रविवारी, आखाजीला, दहा ते चार. लेसर आणि संगणक बॅटरीवर चालतात, एसी चालत नाही. गच्चीखालची बंद खोली तेव्हा भट्टी झाली होती. फाइल त्या दुपारची आहे. संगणकाची तारीख मागे नेऊन ती शनिवारची केली. घड्याळ मागे नेता आलं, खोलीचा उकाडा मागे नेता आला नाही."

तो उकाडा मी स्वतः सोसला होता आणि मला सुचलं नव्हतं!

"मोहिनीच रविवारी आली असेल," प्राचार्य म्हणाले. "किल्ली आहे तिच्याकडे."

"ती दुपारभर असोद्यात आखाजीच्या झोक्यावर होती, सगळी आळी सांगेल. पण ते सोडा. तिने केलं असतं, तर ती स्वतः कॉलेजात होती त्याच दिवसाची तारीख कशाला टाकेल? रविवार राहू दिला असता तर ती आपोआप सुटली असती. तारीख त्याने बदलली, ज्याला तिच्यावर ढकलायचं होतं."

किल्ल्या उरल्या तिघांकडे. चुडामणने भिंतीला टेकून डोळे मिटले. तेजस पांढराफटक पडला होता. मी मनात त्याचं नाव पक्कं करून टाकलं.

मॅडमनी शबनममधून तेजसचा नवा सेल काढला, हिरे न बसवलेला, आणि स्क्रू आवळायच्या चार किल्ल्या. "माझी एक विनंती आहे. ज्यांच्या हाती सेल येतो त्यांनी तो आवळून दाखवावा. तेजस, तुम्ही."

तेजसने न बघता दोन किल्ल्या उचलल्या, एक उजवीकडच्या स्क्रूला, एक डावीकडच्या, आणि दोन्ही हात एकमेकांच्या उलट फिरवले. सेल जागचा हलला नाही.

"चुडामणभाऊ?"

"माले काय समजस त्यामा, अक्का?" त्याने किल्ली घेतलीच नाही.

"माणकाचं वाचन घेणारा हा माणूस नव्हे," मॅडम म्हणाल्या. "सर, आता तुम्ही."

"मी कशाला?" प्रेमराज सर हसले. पण प्राचार्य त्यांच्याकडे बघत होते, म्हणून त्यांनी सेल ओढून घेतला. एक किल्ली उचलली. पहिला स्क्रू उजवीकडे फिरवला, अर्धा वळसा. दुसरा उजवीकडे. मग सेल फिरवून तिसरा आणि चौथा, तेही उजवीकडे. अगदी नीट, शिस्तीत, बारा वर्षांपूर्वी शिकवायचे तसं.

मोहिनीच्या तोंडून बारीक आवाज निघाला. "सर... डावे दोन उलट्या आट्यांचे आहेत."

सरांचा हात तिथेच थांबला.

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "उजवीकडे फिरवले की उजवे दोन आवळले जातात आणि डावे दोन सैल होतात. म्हणून उजव्या कणावर चौदा आणि डाव्यावर पाच. दाब जास्त झाला म्हणून हिरा फुटला नाही, सर. तो तिरपा झाला म्हणून फुटला. या खोलीत असं करणारा एकच माणूस आहे, आणि आपण काय चुकलो हे त्याला आत्तापर्यंत माहीत नव्हतं."

प्रेमराज सरांनी किल्ली टेबलावर ठेवली.

"वीज गेलेली होती," ते म्हणाले. "एका हातात मोबाइलचा उजेड धरला होता. म्हटलं, बारापर्यंत नेतो, एक वाचन घेतो, परत आठवर आणून ठेवतो. कोणाला कळणारसुद्धा नाही. धुळ्याला मी संध्याकाळी पोचलो." त्यांचे डोळे भरून आले. "फुटल्याचा आवाज आला आणि मला काही सुचेना. मी हे शिकवतो, आणि मलाच येत नाही, असं कसं सांगणार होतो?"

मला त्यांचा भयंकर संताप आला, आणि त्याच वेळी कीवही आली. दोन्ही एकदम येऊ शकतात हे मला त्या दिवशी कळलं.

प्राचार्यांनी पेनला टोपण लावलं. घसा खाकरून म्हणाले, "हे... आपण तांत्रिक बिघाड म्हणून नोंदवू. मोहिनीवर काही ठपका नाही. सरांचं नाव बाहेर जायला नको. कॉलेजचाही प्रश्न आहे. काय, मोहिनी?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती उठून उभी राहिली.

"तीन दिवस माझं नाव बाहेर होतं, सर. गावात माझ्या आईला लोकांनी विचारलं. तेव्हा कोणाला तांत्रिक बिघाड आठवला नाही. जे झालं ते तसंच लिहा." मग ती प्रेमराज सरांकडे वळली. "सर, तुम्ही एक फोन केला असता ना, मी झोका सोडून आले असते. दाब वाढवायला नको म्हणून भांडलेही असते. पण शेवटी तुमच्या शेजारी उभी राहून दुसरी किल्ली धरली असती."

सरांनी मान खाली घातली. ती पुन्हा वर आली नाही.

"लिहा, हितेंद्रभाऊ," मॅडम म्हणाल्या. मी जे झालं ते तसंच लिहिलं, आणि प्राचार्यांना सही करावी लागली. पहिल्या ओळीत प्रेमराज सरांचं नाव होतं. त्यांनी स्वतःही खाली सही केली आणि मार्गदर्शकपद सोडत असल्याचं एक वाक्य आपल्या हाताने जोडलं.

बाहेर पडताना तेजसने मोहिनीला गाठलं. "माझा सेल घे. हिरेही घे. माझं पुढच्या वर्षी बघू." तिने तो सेल दोन्ही हातांनी घेतला.

मी तिच्यामागोमाग खाली आलो. लेकीला येताना बघून जीवरामआबा घाईघाईने उठले, मोटारसायकलची किल्ली हातात. "काय झालं व? काढलं का?"

"नाही, बाबा. मी तोडलं नव्हतं, हे लिहून दिलं त्यांनी. पण तुम्ही जा. मला उशीर होईल, आज नवे हिरे बसवायचेत."

"आन् ते तेहेतीस दिवस?"

"गेले ते. पुन्हा पहिल्यापासून चाळीस."

आबांनी वर तिसऱ्या मजल्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. सोयऱ्यांना काय सांगायचं हे बहुधा ते मनात जुळवत होते. मग त्यांनी मोटारसायकल पुन्हा स्टँडवर लावली.

"बसतो मी इथी," ते म्हणाले. "आन् उद्यापासून बसची वाट नको पाहू. चाळीस दिवस मी सोडत जाईन."